न्यायाधीशांनी संघटना केली तर बिघडलं कुठे? ('सातबारा' यांना उत्तर)

पिंपळपार

'सातबारा' यांची परवाची पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यातली वाक्यं: "अखिल भारतीय न्यायाधीश संघटना म्हणजे काळ्या कोटातली युनियन. पगार वाढवा, गाडी द्या, बंगला द्या म्हणून आपल्याच लोकांच्या कोर्टात जायचं, आपल्याच लोकांकडून निकाल घ्यायचा आणि त्याला न्यायपालिकेचं स्वातंत्र्य म्हणायचं. ज्याला संघटना लागते तो निःपक्ष कसा?"

माझे वडील दिवाणी न्यायाधीश होते. दर तीन वर्षांनी बदली, दर तीन वर्षांनी मला नवी शाळा. एका तालुक्याच्या गावी त्यांनी एका वजनदार माणसाच्या पुतण्याचा जामीन फेटाळला आणि त्याच आठवड्यात आमच्या क्वार्टरचं पाणी बंद झालं. पाइप फुटला म्हणून सांगितलं गेलं. शेजारच्या क्वार्टरला मात्र पाणी येत होतं. आईने दोन महिने हापशावरून पाणी आणलं. वडील बोलणार कोणाशी? वकिलांशी घरोबा ठेवायचा नाही, पुढाऱ्याकडच्या लग्नाला जायचं नाही, टपरीवर चहाला थांबायचं नाही, वर्तमानपत्राशी बोलणं तर लांबच. वर कळवावं तर 'जुळवून घेत नाहीत' असा शेरा गोपनीय अहवालात पडायची धास्ती. गावात सगळ्यात जास्त अधिकार असलेला हा माणूस गावात सगळ्यात एकटा होता, हे मी रोज जेवताना बघितलंय.

आणि हे तर फक्त पाणी होतं. नडियाद आठवा. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या नडियादचे मुख्य न्यायदंडाधिकारी एन. एल. पटेल. पोलीस समन्स-वॉरंट बजावत नाहीत म्हणून त्यांनी वरपर्यंत तक्रारी केल्या होत्या. २५ सप्टेंबर १९८९ रोजी इन्स्पेक्टरने त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं. तिथे मारहाण केली, बळजबरीने दारू पाजली, हातकड्या घातल्या, दोराने बांधलं, फोटो काढले. दारूबंदीच्या राज्यात न्यायाधीशावरच दारू प्यायल्याचा गुन्हा लावला. एकटे पटेल काय करणार होते? सर्वोच्च न्यायालयात धावून गेल्या त्या दिल्लीची न्यायिक सेवा संघटना आणि हीच अखिल भारतीय संघटना. ११ सप्टेंबर १९९१ला निकाल लागला. पटेलांवरचे खटले रद्द झाले, इन्स्पेक्टरला अवमानाबद्दल सहा महिने कैद झाली. न्यायाधीशाला अटक करायची तर जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवूनच करायची आणि हातकडी घालायची नाही, हे नियम त्या निकालाने घालून दिले. आज तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी ते आहेत. सातबारा, तुम्ही ज्याला युनियन म्हणता तिने हे मिळवलंय.

सातबारा

ताई, तुमच्या आईच्या पाण्याचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. आता माझं ऐका. आमचा वाटणीचा दावा २००४चा आहे. वडील गेले, वारस म्हणून मी लागलो, आता चुलताही गेला. अकरा न्यायाधीश झाले. पुरावा संपत आला की बदली. नवे साहेब येतात, फाइल चाळतात, पुढची तारीख देतात. मागच्या पावसाळ्यात बांध फुटला तो मला दुरुस्त करता येत नाही, कारण जैसे थे आदेश आहे. या एकवीस वर्षांत माझ्यासाठी कोणती संघटना कोर्टात गेली?

नडियादचा प्रकार राक्षसी होता, कोणीही मान्य करेल. पण तो गुन्हा होता. संघटना नसती तरी सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतलीच असती. माझा मुद्दा पगाराचा आहे. १९८९पासून एकच याचिका वेगवेगळ्या रूपात चालू आहे. निवृत्तीचं वय ५८चं ६० करून घेतलं, घरी कायद्याची पुस्तकं, वाहन, मग न्यायाधीशांच्या पगारासाठी नेमलेला शेट्टी आयोग, मग तसाच रेड्डी आयोग. रेड्डी आयोगाचे पगार १ जानेवारी २०१६पासून मागच्या तारखेने लागू झाले. माझ्या दाव्याला मागची तारीख कोणी देत नाही.

आणि जानेवारी २०२५ची सुनावणी आठवते का? संघटनेच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तोंडी म्हटलं की काही काम न करणाऱ्यांना वाटायला राज्यांकडे पैसा आहे, न्यायाधीशांच्या पगार-पेन्शनचा विषय आला की आर्थिक अडचण. त्यात लाडक्या बहिणीचं उदाहरण दिलं. माझी बायको दीड हजार घेते. पहाटे पाचला उठते आणि रात्री दहाला आडवी होते. तिला 'काम न करणारी' म्हणायचं?

पिंपळपार

ते बोलणं मलाही लागलं. तुमच्या घरच्या ताईंबद्दल कोणी तसं म्हणावं, हे मला मान्य नाही. ती तुलना करायलाच नको होती.

पण 'एकच याचिका' म्हणताना तुम्ही अर्धी याचिका गाळलीत. २१ मार्च २००२चा निकाल त्याच संघटनेच्या प्रकरणातला आहे. तेव्हा दहा लाख लोकांमागे दहा ते तेरा न्यायाधीश होते. ते पाच वर्षांत ५० करा, असा आदेश झाला. म्हणजे २००७पर्यंत. आज मंजूर पदं धरली तरी आकडा २१च्या आसपास आहे, आणि मंजूर पदांतलीही कितीतरी रिकामी. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ४ कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत, त्यातलं एक तुमचं. तुमच्या बोर्डावर दिवसाला शंभर प्रकरणं लागतात ती न्यायाधीश आळशी म्हणून नव्हे. संघटनेने पगाराबरोबर तुमच्यासाठीही न्यायाधीश मागितले होते. सरकारांनी पगार उशिरा दिले, न्यायाधीश दिलेच नाहीत.

ब्लॅककोट

तेवीस वर्षं वकिली करतोय, सत्र न्यायालयापासून तालुक्यापर्यंत. पिंपळपार यांच्याशी बराचसा सहमत. पण मग संघटनेच्या प्रकरणातला २० मे २०२५चा निकाल का सांगत नाही? गवईसाहेब, मसीहसाहेब आणि विनोद चंद्रन साहेबांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पीठाने न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. माझ्या मते या प्रकरणातून निघालेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो आपण, पण ज्याने कधी उलटतपासणी केली नाही, पक्षकाराची शिवी खाल्ली नाही, त्याला परीक्षेच्या गुणांवर थेट डायसवर बसवायचं? अशा माणसाला दबाव आला हेसुद्धा कळत नाही. कोणत्या सिनिअरसमोर मान किती खाली घालायची, तेवढं कळतं.

मेरिटलिस्ट

आले का वकीलसाहेब!

मी हिंगोली जिल्ह्यातली. एलएलबीला विद्यापीठात गुणवत्ता यादीत होते. घरच्यांशी ठरलं होतं की दोन वर्षं अभ्यास करीन, पास झाले तर न्यायाधीश, नाही तर स्थळं बघायला सुरुवात. मे महिन्यात हा निकाल आला. आता आधी सनद, मग तीन वर्षं, मग दहा वर्षं जुन्या वकिलाचा दाखला, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब. तोवर मी सत्तावीसची. घरचे थांबतील? तुमच्या घरात थांबतील, आमच्यात नाही.

आणि ती तीन वर्षं कशी असतात ते सांगते, कारण आता मी ती काढतेय. सिनिअरच्या टेबलाच्या कडेला उभं राहायचं, मुदतीचे अर्ज लिहायचे, झेरॉक्स आणायच्या, तारखा डायरीत उतरवायच्या. आठ महिन्यांत उलटतपासणी एकदाही मिळाली नाही. मुलग्यांना मिळते, मला 'मॅडम तुम्ही फाइल लावा'. महिन्याला हातात पडतात तीन हजार, तेही सिनिअरच्या मनात आलं तर. याला तुम्ही अनुभव म्हणता.

ब्लॅककोट

तुमचा सिनिअर वाईट आहे म्हणून नियम वाईट होत नाही. याच संघटनेच्या प्रकरणातल्या १९९३च्या निकालात हीच अट होती. २००२मध्ये शेट्टी आयोगाच्या सांगण्यावरून काढली, कारण हुशार मुलं येतील असं वाटलं. वीस वर्षं प्रयोग झाला. नवखे न्यायाधीश वकिलांवर डाफरतात, अशा तक्रारी उच्च न्यायालयांनीच केल्या. पीठाने सगळ्या उच्च न्यायालयांची मतं मागवली आणि बहुतेकांना ही अट हवी होती. लॉ क्लार्क म्हणून, म्हणजे न्यायाधीशांच्या हाताखाली, केलेलं कामही धरलंय, कालावधी सनदेच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजलाय. निकालाआधी निघालेल्या जाहिरातींना अट लागू नाही. आणखी किती सोपं करायचं?

मेरिटलिस्ट

लॉ क्लार्क? हिंगोलीत? तो दिल्ली-मुंबईच्या मोठ्या कॉलेजातल्या मुलांचा रस्ता. एक सरळ विचारते. तीन वर्षं ज्या वकिलांच्या हाताखाली काढायची, ज्यांच्या सहीच्या दाखल्याशिवाय अर्ज भरता येत नाही, उद्या त्यांच्याच समोर डायसवर बसायचं. मी दाखला मागायला जाईन तेव्हा समोरचा काय मागेल ते मला ठाऊक नाही आणि मला मागायला जायचं नाही. तुम्ही न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताय. ते स्वातंत्र्य पहिल्याच दिवशी दाखल्याच्या कागदावर गहाण पडतं.

जुना शिरस्तेदार

छत्तीस वर्षं कोर्टात काढली. कारकून म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दोघांनीही आवाज जरा खाली घ्यावा.

चोवीस-पंचविशीतले न्यायाधीश मी पुष्कळ बघितले. एक मॅडम आल्या होत्या, पहिलीच नेमणूक. पहिल्या आठवड्यात रोजनामा कसा लिहायचा ते मला विचारत. वकील मंडळी त्यांना 'पोरगी' म्हणत, बार रूममध्ये नव्हे, कोर्ट हॉलमध्ये, त्यांना ऐकू जाईल असं. एकदा एका ज्येष्ठ वकिलांनी उलटतपासणीत साक्षीदार बाईला नको ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न मी नोंदवणार नाही. वकील म्हणाले, कायदा शिकून या. मॅडमनी साक्षीपुराव्याच्या कायद्यातलं कलम तोंडपाठ म्हटलं आणि 'पुढचा प्रश्न' एवढंच बोलल्या. वर्षभरात तिथली निम्मी जुनी प्रकरणं निघाली. त्यांनी वकिलीचा एक दिवसही केलेला नव्हता.

बारा-पंधरा वर्षं वकिली करून आलेले एक साहेबही बघितलेत. त्यांच्याकडे जुन्या ओळखीच्या वकिलांची रांग लागायची. जामीन कोणाला मिळणार ते आम्ही वकालतनाम्यावरचं नाव वाचून सांगायचो.

ब्लॅककोट

दोन उदाहरणांवर धोरण ठरत नसतं. आणि 'नाव वाचून सांगायचो' हा अख्ख्या बारवर, म्हणजे सगळ्या वकिलांवर, आरोप आहे. मागे घ्या.

जुना शिरस्तेदार

बारवर नाही केला. जे बघितलं ते लिहिलं. मागे घेत नाही.

वॉर्साकर

दहा वर्षं पोलंडमध्ये नोकरी करतोय. मूळ प्रश्नावर लिहितो.

इथे 'युस्तित्सिया' नावाची न्यायाधीशांची संघटना आहे. देशात दहा हजारांच्या आसपास न्यायाधीश, त्यातले सुमारे एक तृतीयांश तिचे सभासद. २०१५नंतरच्या सरकारने न्यायाधीश नेमणारं मंडळ ताब्यात घेतलं, न्यायाधीशांवरच्या शिस्तभंगाच्या कारवाईसाठी सर्वोच्च न्यायालयात वेगळं दालन काढलं. ११ जानेवारी २०२०ला वॉर्सात न्यायाधीश झगे घालून रस्त्यावर उतरले, युरोपातल्या इतर देशांतले न्यायाधीशही आले. हजार झग्यांचा मोर्चा म्हणतात त्याला. मी कडेला उभा होतो. कडाक्याची थंडी होती आणि घोषणा जवळजवळ नव्हत्याच. त्याच सुमारास सरकारने केलेल्या कायद्यात एक कलम होतं: कोणता न्यायाधीश कोणत्या संघटनेत आहे ते जाहीर करायचं. सातबारांसारखाच युक्तिवाद, संघटनेत आहे म्हणजे पक्षपाती. जून २०२३मध्ये युरोपीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

तुर्कस्तानात तर २०१६च्या बंडानंतर 'यारसाव' ही संघटनाच वटहुकमाने बंद केली आणि तिचे अध्यक्ष मुरात अर्सलान यांना तुरुंगात टाकलं. एकटा न्यायाधीश निमूट बदली घेऊन जातो, संघटना जात नाही. म्हणून असल्या सरकारांना ती आधी मोडावीशी वाटते.

सातबारा

पोलंडचं मीही वाचतो. त्याच लढ्यातले एक न्यायाधीश, वाल्देमार झुरेक, जुलै २०२५मध्ये कायदामंत्री झाले ना? काल झग्यात, आज मंत्रिमंडळात. आता ते ज्यांना हटवतील ते 'आम्ही सूडाचे बळी' म्हणतील. हीच माझी भीती. आज माझ्या बाजूची वाटणारी संघटना उद्या कोणाची तरी बाजू होते.

वॉर्साकर

झाले, खरं आहे. ते 'थेमिस' या दुसऱ्या संघटनेचे, पण त्याने तुमचा मुद्दा लहान होत नाही. मलाही ते आवडलं नव्हतं. इथल्या माझ्या मित्रांमध्ये यावरून भांडणं झाली आहेत. तरी मला विचाराल तर संघटना नसती तर आज हटवायला आणि परत नेमायला स्वतंत्र न्यायाधीश शिल्लकच राहिले नसते.

जुना शिरस्तेदार

पोलंडला सरकारचा धाक. आपल्याकडे मला वेगळा दिसला. सरकारला घाबरणारा तालुका न्यायाधीश मी क्वचित पाहिला. सगळे घाबरतात ते वरच्या कोर्टाला. घटनेच्या कलम २३५ने बदली, बढती, शिस्त सगळं उच्च न्यायालयाच्या हातात. महिन्याला किती प्रकरणं निकाली काढली त्याचा हिशेब. जामीन दिला आणि निनावी अर्ज गेला की चौकशी. म्हणून जामीन नाकारायचा, 'वर जा' म्हणायचं. माणूस आत, साहेब सुरक्षित. पिंपळपार ताई, पगारासाठी संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. या भीतीबद्दल ती उघड किती बोलली?

पिंपळपार

काका, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. १९८८मध्ये ईश्वरचंद जैन या न्यायाधीशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की क्षुल्लक तक्रारींवर चौकशा लावल्या तर न्यायाधीश निर्भयपणे काम करू शकणार नाहीत, त्यांचं रक्षण करणं उच्च न्यायालयाचं कर्तव्य आहे. पण तो खटला एका माणसाने एकट्याने लढला. संघटनेने या विषयावर तेवढं बळ लावलेलं मला दिसत नाही. जे सभासद उच्च न्यायालयाच्या शेऱ्यावर जगतात ते त्याच्याविरुद्ध ठराव कसा करणार, हे समजतं. समजतं म्हणून ठीक आहे असं नाही. हा मुद्दा मी मान्य करते.

फक्त याचा अर्थ 'संघटना नको' असा निघत नाही. 'आणखी धीट हवी' असा निघतो. १९९३च्या निकालात, ज्या पीठावर आपले पी. बी. सावंत होते, स्पष्ट म्हटलंय की न्यायाधीश हे कर्मचारी नाहीत, ते राज्याची सार्वभौम न्यायसत्ता वापरतात. जो नोकर नाही त्याने साहेबाच्या शेऱ्याला घाबरून जामीन नाकारावा, हे त्या निकालाच्या विरुद्ध आहे. हे मोठ्याने सांगणं संघटनेचंच काम आहे.

झारखंडमधल्या धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंदही विसरू नका. २८ जुलै २०२१ला पहाटे फिरायला गेलेल्या या अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाला रिक्षाने उडवून मारलं. कॅमेऱ्यात टिपलं गेलं म्हणून कळलं. दोघांना जन्मठेप झाली. ते दृश्य पाहून आई मला फोनवर एवढंच म्हणाली, "बरं झालं, बाबा निवृत्त झाले."

सातबारा

धनबाद मी विसरलो होतो. ते वाचून काही काळ लिहावंसं वाटलं नाही.

ठीक. युनियन हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. दहा लाखांमागे ५०चा आदेश २००२चा आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या वकिलानेही कधी सांगितलं नाही. आता मला राग सरकारचा जास्त येतोय. पण संघटनेला एक विचारायचंय: पगाराच्या आदेशाची अंमलबजावणी झाली नाही तेव्हा ती पुन्हापुन्हा कोर्टात गेली, मुख्य सचिवांना हजर करायला लावलं. न्यायाधीशांच्या संख्येसाठी तितक्या वेळा गेली का? गेली असेल तर दाखवा, मी जाहीर माफी मागेन.

पिंपळपार

तितक्या वेळा गेली नाही. शोधून बघितलं. तुमचं बरोबर आहे.

ब्लॅककोट

मेरिटलिस्ट, तुमच्या वरच्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलं. दाखल्याबद्दल जे लिहिलंत ते रात्रभर मनात होतं. मला दोन मुली आहेत. दाखला एकट्या वकिलाच्या सहीवर न सोडता कोर्टातल्या हजेरीवरून, वकालतनाम्यांच्या नोंदीवरून द्यावा, हे मला पटतं. अट मात्र राहावी, यावर मी ठाम आहे.

मी परभणीला बसतो. ज्युनिअर हवाय. उलटतपासणी पहिल्या महिन्यापासून देईन, शब्द.

मेरिटलिस्ट

किती देणार? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४मध्ये ग्रामीण भागासाठी पंधरा हजारांची शिफारस केलीय, शहरासाठी वीस.

ब्लॅककोट

शिफारस आहे, सक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा कोणी देत नाही. दहा देईन.

मेरिटलिस्ट

खोली चार हजार, मेस तीन हजार, पुस्तकं, घरी जायचं बसभाडं. दहात राहते कशीबशी, पण घरी पाठवायला काही उरत नाही, आणि घरी काहीच पाठवलं नाही तर बाबा चौथ्या महिन्यात परत बोलावतील. सर, अटीच्या बाजूने तुम्ही चार प्रतिसाद लिहिलेत. ती अट पाळायला जी तीन वर्षं लागतात त्यांचा खर्च मुलीच्या बापाने द्यायचा, हे त्यात कुठेच नव्हतं.

ब्लॅककोट

बारा. आणि परीक्षेआधी दोन महिने पगारी सुट्टी. सोमवारी अकरा वाजता बार रूममध्ये या, वडिलांना घेऊन या.